विश्वकर्मा पूजेच्या दिवशीचा डबा

माझ्या वडिलांचा कोणावर चटकन विश्वास बसत नाही, आणि हा गुण त्यांनी मला जसाच्या तसा दिला आहे. ते भिलाईच्या पोलाद प्लांटच्या टाइम ऑफिसात होते. कोण केव्हा आला, कोण केव्हा सटकला, कोणाची हजेरी दुसऱ्यानंच लावली, हे हुडकण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. मी रायपूरला बँकेत आहे, कर्जाच्या टेबलावर. समोरचा माणूस फार गोड बोलायला लागला की मी त्याचे कागद पुन्हा पहिल्या पानापासून वाचते. आई म्हणते, तुम्हा बापलेकीपुढे देव जरी प्रकट झाला तरी तुम्ही आधी त्याचं आधार कार्ड मागाल.

मी शाळेत होते तेव्हा बाबा मला कोडी घालायचे. ड्युटीवरून आले, चहा झाला, की सेक्टरमधल्या आमच्या क्वार्टरच्या व्हरांड्यात बसून सुरू करायचे. एका ओळीत पाच घरं, पाच माणसं, पाच कामं. डॉक्टर टोकाच्या घरात राहत नाही. शिंप्याचं घर मास्तराच्या घराला लागून आहे. वेल्डर आणि पोस्टमन यांच्या मध्ये एकच घर आहे. अशा आणखी दोनतीन ओळी, आणि मग सांग, पोस्टमन कुठे राहतो? मी कागदावर चौकटी आखायची आणि जे शक्य नाही त्यावर फुली मारत जायची. शेवटी कोरी उरलेली चौकट म्हणजे उत्तर. अंदाजानं सांगितलेलं बरोबर निघालं तरी बाबा ते चूक धरायचे. कसं काढलं ते सांग, म्हणायचे. पुढे बँकेच्या परीक्षेत नेमकी असलीच कोडी आली, तेव्हा मला पेपर बाबांनीच काढलाय की काय असं वाटलं.

बाबा रिटायर झाले, क्वार्टर सोडावं लागलं आणि आम्ही जुनवानीत फ्लॅट घेतला. तिसरा मजला, मजल्यावर चार दारं. तिथे बाबांची खरी पंचाईत झाली. टाउनशिपमध्ये कोणाला तुम्ही काय करता असं विचारावंच लागत नाही. क्वार्टर कोणत्या टाइपचं आहे त्यावरून हुद्दा कळतो, घरातून निघायच्या वेळेवरून शिफ्ट कळते, आणि बुटांवरची धूळ काळी आहे की लाल यावरून डिपार्टमेंट. फ्लॅटमध्ये सगळे एकाच लिफ्टनं उतरतात आणि सगळ्यांच्या दारावर तेच शुभ-लाभ. बाबांना करमेना. ते दाराच्या भिंगाला डोळा लावून उभे राहायला लागले. विचारून का घेत नाही, असं मी म्हटलं, तर त्यांना ते पटलं नाही. विचारलं की माणूस खोटं सांगतो, हा त्यांचा टाइम ऑफिसातला अनुभव होता.

हे सगळं मी हसण्यावारी नेलं असतं, पण त्या पावसाळ्यात आई पडली. तिला साखरेचा त्रास आहे आणि कधी कधी ती एकदम उतरते. बाबा सकाळचे फिरायला गेले होते आणि दाराला आपोआप बसणारं लॅच. आई स्वयंपाकघरात खाली बसली ती तिला उठता येईना. दार उघडणं तर दूरच, हाक मारायलाही आवाज फुटेना. बाबा आले तेव्हा ती फरशीवर घामानं भिजून पडली होती. गूळपाणी दिल्यावर ती सावरली. मला हे बाबांनी फोनवर सांगितलं.

त्या रविवारी मी भिलाईला आले आणि स्पष्ट सांगितलं. घराची दुसरी किल्ली मजल्यावरच्या कोणाकडे तरी राहिली पाहिजे, जो दिवसा हाकेला येईल. तसा माणूस दिवाळीपर्यंत मिळाला नाही, तर तुम्ही दोघं माझ्याकडे रायपूरला यायचं आणि फ्लॅट भाड्यानं द्यायचा. आईनं मान खाली घातली. तिच्या सगळ्या मैत्रिणी इथे, भजनी मंडळ इथे. बाबांच्या मते रायपूर हे काम काढायला जायचं गाव आहे, राहायचं नव्हे. पण किल्ली द्यायची कोणाला?

"ज्याचं काम मले माहीत नाही, त्याच्या हाती मी घर देणार नाही," बाबा म्हणाले.

म्हणून मी जुन्या कॅलेंडरचं पान उलटं करून त्यावर चौकटी आखल्या. इतक्या वर्षांनी. तीन दारं, तीन कामं. वॉचमननं एवढंच सांगितलं होतं की या मजल्यावर एक रेल्वेवाले आहेत, एक शाळेवाले आणि एक फॅक्टरीवाले. कोण कुठे, हे त्याला नवा असल्यामुळे ठाऊक नव्हतं. बाबांचे डोळे चमकले. पावसाळ्यात पहिल्यांदाच त्यांनी मजेत पुन्हा चहा मागितला.

शेजारच्या दारातला माणूस कोणत्याही वेळी निघायचा, तोही फोन आल्यावर, चाकांची बॅग ओढत, आणि दुसऱ्या दिवशी तांबारलेल्या डोळ्यांनी परतायचा. हा गाडी चालवणारा, म्हणजे रेल्वे. कोपऱ्यातल्या दारातले नवराबायको एकाच स्कूटरवर जायचे, उन्हाळाभर घरी असायचे आणि शाळा सुरू झाल्या की त्यांच्या दाराला कुलूप. एकदा लिफ्टमध्ये बाईंच्या पर्समधून लाल पेनांचा जुडगा पडला, तेव्हा बाबांनी घरी येऊन आधी फुली मारली आणि मग चपला काढल्या. दोघंही मास्तर. पण एकाच्या वेळांचा पत्ता नाही आणि दुसरे दिवसभर बाहेर. किल्लीच्या दृष्टीनं दोन्ही घरं बाद.

उरलं अगदी समोरचं दार. तिथला माणूस चाळिशीचा, दुर्गचा जुना मराठी, इस्त्रीचा शर्ट, हातात एकावर एक तीन पुडांचा डबा. रोज जनरल शिफ्टच्या वेळेला निघायचा आणि सुटायच्या वेळेला परत यायचा. त्याच्यामागून बायको निघायची. तिचं स्मृती नगरात ब्लाउज शिवायचं दुकान होतं. मुलगी दहावीत. रायपूरच्या वाटेवर कुम्हारीला लोखंडी फाटकं आणि जाळ्या बनवणाऱ्या कारखान्यात सुपरवायझर आहेत, असं बायकोनं आईला लिफ्टमध्ये सांगितलं होतं. कोरी उरलेली चौकटही फॅक्टरीचीच होती. म्हणजे कोडं सुटलं.

बाबांचं मात्र समाधान होईना. लोखंडाच्या कामाचा माणूस संध्याकाळी इतका कोरा कसा येतो? कॉलर स्वच्छ, नखं स्वच्छ, बूट जाताना होते तसेच. सुपरवायझर असला म्हणून काय झालं, ग्राइंडिंगची पूड काय हुद्दा पाहून उडते? मी त्यांना म्हटलं, असेल साफसूफ राहणारा. पण म्हणताना मलाच ते पोकळ वाटलं.

कारण एका सोमवारी मी बसनं रायपूरला परत निघाले होते. कुम्हारीला बस थांबली. खिडकीतून पाहिलं तर आमच्या समोरच्या दारातला माणूस थांब्यावरच्या बाकावर बसला होता. मांडीवर डबा, डबा दोन्ही हातांनी धरलेला. कामावर जायची वेळ केव्हाच टळून गेली होती. तो कोणाची वाट पाहत नव्हता, बसकडेही पाहत नव्हता. माझी बस निघाली तरी तो तसाच. मी लगेच बाबांना फोन केला. ते म्हणाले की ही गोष्ट आईला सांगू नकोस.

तेव्हापासून आम्हा दोघांचं डोकं भलतीकडेच धावायला लागलं. बाबांना वाटे, हा दिवसा कोणती घरं बंद असतात ते पाहून ठेवतो. मला वाटे, याच्या अंगावर कर्ज असणार आणि वसुलीवाल्यांना चुकवत हिंडत असणार. असले इस्त्रीचे शर्ट मी टेबलापलीकडे पुष्कळ पाहिले आहेत. बाबांनी दाराला वरून आणखी एक कडी बसवून घेतली. आई चिडली. मी आत पडले तर आता ही कडी कोण काढणार, असं तिनं विचारलं. कडी काढून टाकावी लागली. दिवाळी जवळ येत होती आणि दुसरी किल्ली बाबांच्या खिशातच होती.

मग विश्वकर्मा पूजा आली. त्या वर्षी ती रविवारी होती, म्हणून मी घरी होते. हा आमच्याकडचा मोठा सण. जिथे जिथे मशीन आहे तिथे पूजा, प्लांटपासून पंक्चरच्या दुकानापर्यंत. लोक बायकापोरांना नवे कपडे घालून आपली काम करायची जागा दाखवायला नेतात, आणि दुपारी कारखान्यातच पुरीभाजी, बुंदी, खिचडी पोट फुटेस्तोवर. लहानपणी मी बाबांच्या टाइम ऑफिसात दरवर्षी याच दिवशी जायची. सकाळी बाबा भिंगाशी होते. समोरचं दार उघडलं, माणूस एकटाच बाहेर पडला, लिफ्ट खाली गेली. बाबा वळले. चेहरा असा, की मला वाटलं आईसारखंच यांनाही काही होतंय.

"डबा नेला त्यानं," ते म्हणाले. "विश्वकर्मा पूजेले डबा."

एवढं पुरेसं होतं. भिलाईत कारखान्यातला कोणीही माणूस त्या दिवशी घरून डबा नेत नाही. नेला तर मालकाचा अपमान होईल. म्हणजे या माणसाला जेवू घालणारा कारखानाच नव्हता. कॅलेंडरच्या त्या पानावर बाबांनी आमची एकुलती एक कोरी चौकट खोडली, आणि मग पेन हातात धरून बसून राहिले. चौकटी संपल्या होत्या आणि एक माणूस शिल्लक होता. त्यांच्या कोड्यांत असं कधी झालं नव्हतं. तिथे प्रत्येकाला काही ना काही काम असायचंच.

दुसऱ्या दिवशी तुले सोडून येतो म्हणून ते माझ्याबरोबर बसमध्ये चढले. आई घरात एकटी नको, म्हणून तिच्या मैत्रिणीला बोलावून ठेवलं. कुम्हारीला आम्ही दोघं उतरलो. तो त्याच बाकावर होता. बाबा सरळ जाऊन त्याच्या शेजारी बसले, ना नमस्कार ना चमत्कार. मी जरा बाजूला, पण सगळं ऐकू येईल अशी उभी राहिले. आता हा काय थाप मारतो ते मला पाहायचं होतं.

"काल पूजेच्या दिवशी डबा कावून नेला होता तुम्ही?" बाबांनी विचारलं.

तो दचकला. मग डब्याच्या कडीशी चाळा करत म्हणाला, "तिनंच देल्ला, काका. घेऊन जा म्हणे, प्रसादाले उशीर होते."

बाबा पुढे काही बोलले नाहीत. टाइम ऑफिसात ते असंच करायचे म्हणे, एक प्रश्न विचारायचा आणि थांबायचं. तो आपणहून बोलत गेला. कारखाना होळीच्या आधीच बंद पडला होता. मालकानं फाटकाला कुलूप घातलं आणि तो मुलाकडे निघून गेला. दुसरीकडे काम शोधणं चालू होतं, कुठे बोलावतो म्हणायचे, कुठे वय विचारायचे. घरी सांगितलं नव्हतं. रोज डबा घेऊन निघायचं, इकडे तिकडे विचारायचं, आणि दिवस सरत नाही म्हणून इथे येऊन बसायचं. इथे बसलेल्याला कोणी हटकत नाही.

"पोरगी दहावीले आहे, काका. तिची परीक्षा होऊन जाऊ द्या. मंग मीच सांगतो घरी. तुम्ही नका सांगू."

मला त्याची कीव आली, खोटं कशाला बोलू. पण संशय गेला नाही. असल्या गोष्टी मी खूप ऐकल्या आहेत आणि त्यांतल्या निम्म्या खऱ्या नसतात. बाबांनी खिशात हात घातला. मला वाटलं रुमाल काढतायत. त्यांनी किल्ली काढली.

"हे आमच्या घराची हाय," ते म्हणाले. "बायको दुकानात गेली का वर येत जा. तिथून फोन लावा, अर्ज लिहा, काय करायचं ते करा. हिच्या मायची साखर उतरते, तेवढं पाहत जा."

मी रागानं लालबुंद झाले. त्याच्यासमोर काही बोलता येईना, म्हणून पुढची बस धरली आणि तिथूनच बाबांना फोन लावला. सहा महिने बायकोशी खोटं बोलणाऱ्या माणसाला तुम्ही घर उघडून दिलंत, तुमची बुद्धी चळली का, असं बरंच काही बोलले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"बाकी दोघांचं मले काम माहीत हाय," ते म्हणाले. "याचं खोटं माहीत हाय. ज्याचं खोटं माहीत हाय, त्याच्यापासून काय भ्याचं?"

मला हे अजिबात पटलं नाही. पुढचे कितीतरी दिवस मी बँकेतून वेळीअवेळी आईला फोन करायची. तो कुठे बसलाय, काय करतोय, कपाटाच्या खोलीत तर जात नाही ना. आईचे दागिने मी लॉकरमध्ये नेऊन ठेवले. आई हसायची. तो नळ नीट करून देतो, भाजी निवडू लागतो, बाबांनी घातलेली कोडी सोडवतो आणि बहुतेक चुकवतो, असं सांगायची. एकदा तिचे हात थरथरायला लागले, तर तिच्याआधी ते त्याच्या लक्षात आलं आणि त्यानं साखर आणून दिली. हे ऐकून मला बरं वाटलं आणि बरं वाटल्याचा रागही आला. आज साखर देतोय, उद्या काय मागेल?

दिवाळीच्या आधी एका सुट्टीच्या दिवशी मी न कळवता गेले. रायपूरचं काय ते ठरवून टाकू, असं मनाशी घोकतच. दार त्यानंच उघडलं. दुपारच्या जेवणाची वेळ होती. टेबलावर बाबा, आई आणि तो उघडा डबा. डबा आता चार पुडांचा होता. तो ओशाळून मला म्हणाला की हा मोठा डबा बायकोनं हल्लीच आणला, कारखान्यात भूक जास्त लागत असेल म्हणाली. मी मनात म्हटलं, बघा, बिचारीला किती फसवतोय.

त्यानं सगळ्यात वरचा पूड बाबांकडे सरकवला. दुधीची भाजी होती.

"हे तुम्हीच खा, काका," तो म्हणाला. "ती आजकाल मीठच टाकायले विसरते. बाकी भाज्यांत बराबर असते, या एकाच पुडात रोज विसरते."

बाबांना रक्तदाबामुळे मीठ बंद आहे. त्यांनी घास घेतला आणि चावता चावता थांबले. मी आईकडे पाहिलं. तिनं ताटातून डोळे वर केले नाहीत. जेवण झालं, तो डबे विसळायला आत गेला, तेव्हा तिनं हळू आवाजात सांगितलं की मागे लिफ्टमध्ये समोरच्या बाईनं तिला विचारलं होतं, काकांना जेवणात काय काय चालतं.

बाबा माझ्याकडे वळले, लहानपणी कोडं घालताना वळायचे तसे.

"पूजेच्या दिवशी मी त्याले डब्यावरून पकडला," ते कुजबुजले. "पण तो डबा भरून देल्ला कोणी?"

मला एकदम सगळं दिसलं. भिलाईत जन्म गेलेली बाई. विश्वकर्मा पूजेला कारखान्यात जाणाऱ्या नवऱ्याला डबा लागत नाही, हे तिला आमच्याइतकंच ठाऊक. तरी तिनं भरला. प्रसादाला उशीर होतो म्हणून हातात दिला. त्या दिवशी नवरा उपाशी बसून राहील, हे तिला कळत होतं, म्हणून दिला. आम्ही दोघं फुल्या मारत बसलो होतो तेव्हा तिचं कोडं केव्हाच सुटलं होतं. आतून नळाचा आणि डबे घासल्याचा आवाज येत होता.

त्याला सांगू या का, मी विचारलं.

"नाही," आई म्हणाली. "तो पोरीची परीक्षा होईतोवर बायकोले सांभाळून राहिला हाय. ती त्याले सांभाळून राहिली हाय. तू मंधात पडू नको."

संध्याकाळी शिफ्ट सुटायची वेळ झाली तसा तो उठला, केस नीट केले, डबा घेतला आणि लिफ्टनं खाली गेला. ड्युटीवरून यायचं म्हणजे खालून वर यायला हवं. मी भिंगाशी जाऊन उभी राहिले. का, ते मलाही सांगता येणार नाही, सवय म्हणा. थोड्या वेळानं लिफ्ट वर आली. त्यानं बेल वाजवली, बायकोनं दार उघडलं, दमलात का विचारलं आणि त्याच्या हातातून डबा घेतला. तो आत गेला. ती मात्र दारातच थांबली. तिनं डब्याचा सगळ्यात वरचा पूड तेवढा उघडला, रिकामा आहे ना ते पाहिलं आणि झाकण लावलं. मग मान वर करून सरळ आमच्या दाराकडे, भिंगाकडे पाहिलं.

मी डोळा बाजूला घेतला. रायपूरचा विषय मी पुन्हा काढला नाही.